नोएला सीरचा अर्ज

सेंट-ओडिल गावात सीर आडनावाची घरं इतकी, की नुसतं सीर म्हणून कुणाचा पत्ता लागत नाही. तिथे पोर ओळखायचं ते बापाच्या नावाने. त्यामुळे नोएलाला सगळे 'आर्मांची पोर' म्हणत. आर्मां लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवायचा आणि दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. आई क्लोडेट बटाट्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून डागाळलेल्या फोडी वेचायची. नदीच्या पलीकडे कॅनडा, अलीकडे अमेरिका. घरात फ्रेंच, शाळेत इंग्रजी. बटाटा काढायची वेळ आली की शाळेला सुट्टी मिळे आणि पोरं शेतावर जात. नोएला आणि तिचा मोठा भाऊ तेओ एकाच ओळीत बटाटे वेचायचे. तो पुढे असायचा, आणि ती मागे पडली की ढेकूळ फेकून मारायचा.

तेओ सतरा वर्षांचा असताना गेला. मार्च संपत आला होता. गावामागच्या तळ्यावरचा बर्फ वरून घट्ट दिसत होता, पण आतून कुजला होता. बर्फावर धावणारी स्नोमोबाइल घेऊन तेओ तळं ओलांडायला निघाला आणि मध्यावर गाडीसकट खाली गेला. दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी त्याला वर काढलं. नोएला तेव्हा पंधराची. तिने त्याचा एक बूट बर्फावर पडलेला पाहिला. पायातून कसा निघाला देव जाणे.

त्यानंतर पोरगी मिटली. जेवायची नाही, झोपायची नाही, शाळेच्या बसमध्ये चढायची आणि पुढच्याच थांब्यावर उतरून परत यायची. एप्रिलमध्ये एके दिवशी क्लोडेटने तिला गाडीत घातलं आणि तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या. आर्मां म्हणाला, "गोळ्यांनी पोरगा परत येणार आहे का?" आणि जेवण अर्धं टाकून उठला. पण क्लोडेट ऐकणाऱ्यातली नव्हती. दीड वर्ष ती रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची, पाण्याचा पेला पुढे करायची आणि गिळल्याशिवाय हलायची नाही. हळूहळू नोएला जेवू लागली. मग शाळेत टिकू लागली. मग एकदा मावशीच्या कुठल्याशा फालतू विनोदावर हसली, तेव्हा क्लोडेट हात पुसायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

नोएला विद्यापीठात गेली तेव्हा त्या घरातून तिथवर पोचणारी ती पहिलीच होती. विद्यापीठ दक्षिणेला, गाडीने तीन तासांवर. स्थापत्य अभियांत्रिकी घेतलं होतं. पूल बांधायचे म्हणायची. पहिलं वर्ष कर्जावर निघालं. दुसऱ्या वर्षी आर्मांच्या कंपनीने अर्धे ट्रक उभे केले आणि घरून यायचं ते येईनासं झालं.

लष्करी शिक्षणाचा वर्ग तिने घेतला तो केवळ वेळापत्रकात रिकामी जागा होती म्हणून. त्या विद्यापीठात पहिली दोन वर्षं कुणीही त्या वर्गात बसावं, पळावं, कवायत करावी, कसलीच बांधिलकी नसे. तिसऱ्या वर्षापासून मात्र करार करावा लागे. करार केला की पदवीनंतर अधिकारी म्हणून लष्करात जाणं आलं. आणि आधीपासून शिकत असलेल्यांसाठी एक शिष्यवृत्ती होती. ती मिळाली की उरलेल्या सगळ्या वर्षांची फी सरकार भरायचं.

सकाळी अंधारात व्यायामशाळेसमोर सगळे जमत. सार्जंट पेटिफर्ड तिथे आधीच उभा असे, नाकापर्यंत मफलर गुंडाळून. तो अलाबामाचा, काळा, उंच, आणि थंडीशी त्याचं उभं वैर.

"सीर!" तो ओरडायचा. "तुझ्या पूर्वजांनी इथे घर बांधायचं ठरवलं तेव्हा नकाशा उलटा धरला होता का ग?"

"असेल सार्जंट. पण तुम्ही का आलात?"

"मी हुकमाने आलो. दरोडेखोराला तुरुंगात तरी शेकोटी मिळते. चल, पळ आता. जीभ पळतेय तेवढे पाय पळू देत."

आणि ती पळायची. लहानपणापासून बटाट्याच्या ओळीत वाकलेली पाठ आणि बर्फातून चालून घट्ट झालेले पाय, त्यामुळे मुलांनाही मागे टाकायची. पण तिला ओढ लागली ती पळण्याची नव्हे. एकदा ताप आला म्हणून ती गेली नाही, तर साडेसातला दारावर थाप पडली. दारात पेटिफर्ड उभा, हातात सुपाचा डबा. "मेलीबिली नाहीस ना?" एवढंच विचारून तो गेला. तेओ गेल्यापासून आईखेरीज कुणी असं दारात येऊन विचारलं नव्हतं.

शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचं तिने नाताळच्या सुट्टीत ठरवलं. आर्मांला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "युद्धावर पाठवतील."

"पूल बांधायला पाठवतील, पापा. लष्करालाही पूल लागतात."

"ते पूल बांधतात आणि समोरचे उडवतात," आर्मां म्हणाला आणि फावडं घेऊन अंगणातला बर्फ काढायला गेला. क्लोडेट मात्र ओट्याशी उभी राहून कितीतरी वेळ हसत होती. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्याच्या पट्ट्यावर ही बातमी सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली. आर्मांची पोर अधिकारी होणार!

तिच्याबरोबर अर्ज करणारा दुसरा होता विट हॅस्केल. किनाऱ्याकडचा, वकिलाचा मुलगा, दिसायला उडाणटप्पू पण मनाचा चांगला. पळताना तिच्या मागे राहून "सीर, जरा दमाने, आमच्याकडे इतका बर्फ पडत नाही" म्हणून धापा टाकायचा. दोघांनी मिळून निबंध लिहिले, एकमेकांनी काढलेले जोर मोजले, मुलाखतीची तालीम केली.

मुलाखत फेब्रुवारीत झाली. समोर मेजर हाल्वर्सन ही विभागप्रमुख बाई आणि दोन अधिकारी बसले होते. मेजर हसायची कमी, पण ऐकायची नीट.

"लष्करात का यायचंय?"

तालमीत ठरवलेलं उत्तर देशसेवेने सुरू होत होतं. नोएलाच्या तोंडून निघालं, "फी परवडत नाही, मॅडम."

एक अधिकारी खाकरला. मेजर म्हणाली, "फी बँकही देते. आणखी काही?"

"इथे सकाळी कुणीतरी माझी वाट बघतं. मी आले नाही तर चौकशी करतं. मलाही कुणाची तरी तशी वाट बघता येईल, असं वाटतं."

मेजरने मान खाली घालून काही लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेटिफर्डने पळतापळता कानात सांगितलं, "तू पहिली आलीस. मी सांगितलेलं नाही. आता फक्त वैद्यकीय तपासणी उरली, आणि तुझ्यासारख्या घोडीला तिथे काय होणार आहे?"

पण घोडं अडलं ते तिथेच.

वैद्यकीय माहितीत शंभर प्रश्न होते. हाड मोडलं होतं का, दमा होता का, चक्कर येते का. नोएला भराभर 'नाही'वर खुणा करत गेली. मग एक प्रश्न आला: नैराश्यासाठी किंवा मनाच्या कुठल्याही दुखण्यासाठी कधी उपचार घेतले होते का? तिचा हात थांबला.

"'नाही' कर ना," शेजारी बसलेला हॅस्केल म्हणाला.

"पण घेतले होते."

"मीही घेतले होते. शाळेत चित्त लागत नाही म्हणून चार वर्षं गोळ्या. मी 'नाही' केलं. त्या गावच्या डॉक्टरची कपाटं कोण उघडून बघणार आहे?"

"आणि उघडली तर?"

"सीर, अर्ध्या लष्कराने 'नाही' केलंय. उरलेले अर्धे खोटं बोलतात की आम्ही 'हो' केलं."

ती उठून पेटिफर्डच्या खोलीत गेली. तो हीटरला पाय लावून बसला होता. "सार्जंट, एक विचारायचं होतं. समजा एखाद्याला पूर्वी…"

पेटिफर्डने हात वर केला. "थांब. तू मला सांगितलंस की मला ते कळलं. मला कळलं की मला वर कळवावं लागतं. ते झालं की आपण दोघंही मागे फिरू शकत नाही. आता दाराबाहेर जा, पाण्याचा घोट घे, आणि विचार कर तुला मला काय विचारायचंय ते."

ती बाहेर गेली आणि परत आत आली नाही.

दोन दिवस तो प्रश्न तिने तसाच कोरा ठेवला. 'नाही' करणं सोपं होतं. पण 'नाही' म्हणजे तो वसंत ऋतू इतर वर्षांसारखाच होता. 'नाही' म्हणजे आईने पाण्याचा पेला घेऊन दीड वर्ष काढलं ते काहीच नव्हतं. बटाट्याच्या ओळीत पुढे कुणी ढेकळं मारणारा नव्हताच. कुणाला सांगून पटलं नसतं, तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिने 'हो'वर खूण केली आणि खाली लिहिलं: भावाच्या मृत्यूनंतर.

उत्तर मार्चमध्ये आलं. वैद्यकीय मंडळाने तिला अपात्र ठरवलं होतं. मात्र विशेष सूट मागता येईल, त्यासाठी जुन्या डॉक्टरचे कागद आणि मानसतज्ज्ञाची नवी तपासणी लागेल, असंही त्यात होतं. त्याच आठवड्यात हॅस्केल पात्र ठरला. आनंदाने त्याने तिला मिठी मारायला हात पसरले आणि अर्ध्यातच मागे घेतले.

शनिवारी ती घरी गेली. क्लोडेट तव्यावर कुट्टूच्या पिठाची घावनं घालत होती. प्लॉय म्हणतात त्यांना तिकडे. नोएलाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

आर्मां घावनाला लोणी लावत म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?" क्लोडेट वळली.

"गोळ्या नकोत म्हणून. डॉक्टरकडे गेलं की कागद होतो. माणूस मरतो, कागद मरत नाही."

"तुझं ऐकलं असतं तर आज ही इथे…" क्लोडेट बोलता बोलता थबकली. तव्यावरचं घावन करपलं. ते तिने तसंच कुत्र्यापुढे टाकलं आणि नवं पीठ ओतलं.

मानसतज्ज्ञाची तपासणी शहरात होती. क्लोडेटने कारखान्यातून रजा काढली आणि स्वतः गाडी घेऊन आली. सगळा रस्ता ती शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या सांगत होती. दवाखान्यासमोर गाडी उभी केल्यावर मात्र तिने चावी फिरवली आणि समोर बघतच म्हणाली, "बर्फाचं काही बोलू नकोस."

पाच वर्षांत दोघींमध्ये तो विषय कधी निघाला नव्हता. आईच्या लक्षात नसेल, किंवा तिने त्याचा वेगळाच अर्थ लावला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

"तुला आठवतंय, ममाँ?"

"मी विसरेन?" क्लोडेट म्हणाली. "डॉक्टरला मी एवढंच सांगितलं होतं की पोरगी जेवत नाही, झोपत नाही. बाकी कुठल्या कागदावर नाही. ते तुझ्या माझ्यात आहे. तिथेच राहू दे."

तेओला पुरल्यानंतर काही आठवड्यांनी, एप्रिलमधली ती दुपार होती. नोएला नुसत्या मोज्यांवर तळ्याकडे गेली होती, आणि बर्फावर चालत, बरीच आत. पायाखाली पाणी पाझरत होतं. मागून आईची हाक आली. किंकाळी नाही, रडणं नाही, रोजचीच हाक: "नोएला, चल जेवायला. सूप निवतंय." आणि ती वळली, आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत परत आली, आणि दोघी घरी जाऊन खरोखरच सूप प्यायल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लोडेटने तिला गाडीत घातलं होतं.

मानसतज्ज्ञ म्हातारा होता, आवाजाने मऊ. झोप कशी लागते, मित्र आहेत का, अभ्यास कसा चाललाय, असं तासभर विचारत राहिला. नोएला नीट उत्तरं देत होती. सगळं बरं चाललं होतं. मग त्याने त्याच सुरात विचारलं, "त्या काळात कधी जीव नकोसा झाला होता? तसं काही केलं होतंस?"

'नाही' जिभेवर तयार होतं. आईने ते जणू हातात बांधून दिलं होतं. आणि नोएला स्वतःचाच आवाज ऐकत राहिली. तो तळ्याबद्दल बोलत होता, मोज्यांबद्दल, पाझरणाऱ्या पाण्याबद्दल.

"मरायला गेले होते की तो कुठे आहे ते बघायला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं," ती म्हणाली. "आजही सांगता येणार नाही."

म्हाताऱ्याने पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला. मग पेन परत उचललं. "हे सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळून चुकलं की ते बरं तिच्यासाठी असेल, अर्जासाठी नाही.

गाडीत बसल्यावर क्लोडेटने विचारलं, "झालं ना नीट?"

नोएलाने खरं ते सांगितलं.

क्लोडेटने गाडी सुरू केली. मग पेट्रोल पंपावर, पेट्रोल भरायचं नसतानाच, तिने गाडी बाजूला घेतली. "कुणी विचारलं होतं तुला एवढं?"

"त्यांनीच विचारलं, ममाँ."

"विचारतात! विचारायचे पैसेच मिळतात त्यांना! म्हणून सांगायचं?" तिने स्टिअरिंगच्या चाकावर हात आपटला. "पाच वर्षं मी पोटात ठेवलं. कबुलीला गेले तेव्हा पाद्र्याला सांगितलं नाही. तुझ्या बापाला सांगितलं नाही. आणि तू एका परक्या म्हाताऱ्याला तासाभरात देऊन आलीस!"

"मला नाही म्हणता येईना."

"मला येत होतं. मला विचारायचं." मग तिचा आवाज चिरकला. "मी तुला तिथून आणलं, ते काय तुझी वाट अशी अडवायला आणलं होतं का ग?"

नोएलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. क्लोडेटने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

एप्रिलच्या शेवटी मेजर हाल्वर्सनने तिला बोलावलं. टेबलावर एकच कागद होता. "सूट नाकारली आहे," मेजर म्हणाली. तिला गोडगोड बोलायची सवय नव्हती आणि त्या दिवशी तिने तसा प्रयत्नही केला नाही.

"कारण?"

"कारण ते लिहीत नाहीत. मी फोन केला होता. तरीही सांगितलं नाही."

"पुढच्या वर्षी परत मागितली तर?"

"तिसऱ्या वर्षाला करार लागतो, आणि सूट मिळाल्याशिवाय करार होत नाही. एक वर्ष थांबून मागता येते. पण मी तुला खोटी आशा दाखवणार नाही." मेजर खिडकीकडे बघत म्हणाली, "सीर, त्या मुलाखतीत मी ज्याच्या हाताखाली माझा मुलगा द्यायला तयार होईन असं एकच माणूस होतं."

नोएलाने सलाम केला. मग तिला वाटलं, आता सलाम करायचा असतो की नाही? मेजरने मात्र उठून, सरळ उभं राहून सलाम परत केला.

गणवेश परत करायला ती भांडाराच्या खिडकीशी गेली. पेटिफर्डने शर्ट, जाकीट, टोपी एकेक करून घेतली. बूट आले तेव्हा त्याने ते परत तिच्याकडे ढकलले.

"हे राहू देत. यांची नोंद मी कुठे केली ते मला आठवत नाही."

"सार्जंट, त्या दिवशी तुम्ही मला बोलू दिलं असतं तर…"

"तर काय सांगितलं असतं मी? खोटं लिही? की खरं लिही?" त्याने नाक ओढलं. "बावीस वर्षं लष्करात आहे. दोन्ही सांगून पाहिलंय, आणि दोन्ही वेळा पोरांना कबरीपर्यंत नाहीतर घरापर्यंत पोचवून आलोय. म्हणून हल्ली बोलूच देत नाही कुणाला. घरी जा, पोरी. जपून जा."

सामान न्यायला आर्मां आला, तो जुना पिकअप घेऊन. तिचं गाठोडं, पुस्तकं, दिवा, सगळं त्याने मागे रचलं, ताडपत्री घातली, दोर आवळला. वर्ष पूर्ण झालं होतं, पण तिसऱ्या वर्षासाठी कर्ज द्यायला बँक तयार नव्हती आणि आर्मांचा ट्रक अजून उभाच होता. नोएला म्हणाली होती, वर्षभर काम करेन, मग बघू. हे 'मग बघू' काय असतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

अर्ध्या वाटेवर त्याने एका खानावळीपाशी गाडी थांबवली. दोघांसाठी लाल सॉसेजच्या पावांची ऑर्डर दिली. तिचा पाव तसाच पडून राहिला. आर्मांने आपला संपवला, बोटं पुसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या दिवशी मी तिथे होतो."

"कुठे?"

"तळ्यावर. तू आत गेलीस तेव्हा. होड्या ठेवायच्या छपरामागे होतो. हातात दोर होता."

खानावळीत दुसरं कुणी नव्हतं. आत भांड्यांचा आवाज चालला होता.

"एक पाऊल टाकलं," आर्मां म्हणाला. "बर्फ बोलला. तडा सुटला तो सरळ तुझ्या दिशेने गेला. माझं वजन… मी मागे झालो. हाक मारली तर तू दचकशील, म्हणून हाकही मारली नाही. दोर हातात धरून नुसता उभा होतो. मग क्लोडेट आली. तिने मला पाहिलं नाही."

"तुम्ही तिला सांगितलं नाहीत?"

"तिने मला सांगितलं नाही, मग मी तिला काय सांगू? दुसऱ्या दिवशी म्हणाली, हिला डॉक्टरकडे नेते. मला वाटलं, डॉक्टर विचारेल, बाप कुठे होता." त्याने तिच्या ताटातला पाव उचलला, तिच्यापुढे धरला. "खा. थंड होतोय."

तिने खाल्ला. गाव दिसू लागलं तेव्हा तो म्हणाला, "आईला नको सांगूस." आणि ती म्हणाली, "नाही सांगणार, पापा."

ते 'वर्षभर' संपलंच नाही. पहिली तीन वर्षं नोएला बटाट्याच्या कारखान्यात आईच्या समोरच्या पट्ट्यावर उभी होती. दोघींच्या मध्ये बटाट्याच्या फोडी वाहत आणि यंत्रांच्या आवाजात बोलायची सोय नसे, ते एका परीने बरंच होतं. मग गावाच्या रस्ते खात्यात बर्फ हटवणारा ट्रक चालवायची जागा निघाली, ती तिला मिळाली. ट्रक बापाने शिकवलेलाच होता. विद्यापीठाचं कर्ज ती अजून फेडते, अर्ध्या पदवीचं. हॅस्केल अधिकारी झाला तेव्हा त्याने फोटो पाठवला. तिने 'शाब्बास' लिहून पाठवलं, आणि ते मनापासून होतं. पुढे तो परदेशी गेला, कॅप्टन झाला. पेटिफर्ड निवृत्त होऊन अलाबामाला परतला, असं तिला हॅस्केलकडूनच कळलं.

काही वर्षांनी, पुन्हा कामावर लागलेला आर्मां ट्रकच्या केबिनमध्येच गेला, गाडी रस्त्याकडेला नीट उभी करून, दिवे लावून. चर्चमध्ये शवपेटीपाशी बसलेली क्लोडेट नोएलाला म्हणाली, "फार कठोर होता ग तुझ्याबाबतीत. तुझं काय झालं होतं ते त्याला कधी कळलंच नाही. मीच कळू दिलं नाही."

नोएलाने तोंड उघडलं. सांगितलं तर आईचा नवरा तिला परत मिळाला असता, थोडासा. आणि त्याचबरोबर हेही कळलं असतं, की तो दोर धरून उभा राहिला आणि पुढे आला नाही, आणि मग सगळी वर्षं तिच्या शेजारी झोपला. परक्या म्हाताऱ्याला तासाभरात सगळं देऊन आलेली पोर आईसमोर गप्प बसली. "हो ममाँ," एवढंच म्हणाली. आता क्लोडेट सत्तरीला आली आहे. नोएलाने अजून सांगितलेलं नाही.

क्लोडेटची एक खोड मात्र गेली नाही. नवं माणूस भेटलं की ती सांगते, "ही माझी नोएला. लष्करात अधिकारी होणार होती." मग नोएला गाडीची चावी शोधू लागते.

गेल्या शरदात चर्चच्या तळघरात घेवड्याचं जेवण होतं. डुकराच्या चरबीत आणि काकवीत रात्रभर जमिनीखाली शिजवलेला घेवडा, दरवर्षी असतो तसा. नोएला वाढायला उभी होती. रांगेतून जोसेट लेव्हेक आली. तिचा मोठा मुलगा त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. ताट पुढे करून ती हळूच म्हणाली, "नोएला, तुला यातलं माहीत आहे म्हणून विचारते. आमचा माथ्यू त्या लष्करी शिष्यवृत्तीचा अर्ज करतोय. आणि तो… बारावीत असताना त्याला गोळ्या होत्या. सात-आठ महिने. तो म्हणतो लिहायचं, त्याचा बाप म्हणतो लिहायचं नाही."

नोएलाने पळी घेवड्यात ठेवली. "मी लिहिलं. मला नाही म्हणाले. माझ्याबरोबरच्याने लिहिलं नाही, तो कॅप्टन झाला. एवढंच मला माहीत आहे."

"म्हणजे नको लिहू म्हणतेस?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग काय सांगू त्याला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अग आर्मांच्या पोरी, घेवडा थिजला!" नोएलाने तिकडे लक्ष दिलं नाही.

"आता बरा आहे का तो?" तिने विचारलं.

जोसेट गोंधळली. हा प्रश्न तिच्या हिशेबात नव्हता. "जेवतो," ती म्हणाली. मग ताट सावरत, "कधी कधी फोन उचलत नाही."

"उचलेपर्यंत करत राहा," नोएला म्हणाली. "अर्जाचं मला नाही सांगता यायचं, जोसेट. खरंच नाही."

तिने जोसेटच्या ताटात दोन पळ्या घेवडा वाढला, वर पावाचा तुकडा ठेवला, आणि पुढच्या माणसाचं ताट घेतलं.